बाकावरची शकू

एप्रिल आला की माझ्या बोटांना खोडरबराचा वास येतो.

इतरांना मोहोराचा, कैरीचा, तापलेल्या डांबराचा येत असेल, मलाही येतो. खडकीत आमच्या क्वार्टर्सच्या मागे कडुनिंबांची रांग आहे. ती फुलली की संध्याकाळी हवेत काहीतरी कडसर गोड तरंगत राहतं आणि आई खिडकी उघडता उघडता म्हणते, "घ्या, आला परीक्षेचा वास." तिच्या नाकाला कडुनिंब आणि परीक्षा एकच. माझ्या नाकाला मात्र पांढऱ्या मऊ खोडरबराचा, घासल्यावर त्याच्या ज्या काळपट अळ्या पडतात त्यांचा वास येतो. परवा हॉलतिकीट हातात आलं, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचं. मी ते फाइलमध्ये ठेवलं आणि नकळत बोटं नाकाशी नेली.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा एप्रिल दर वर्षी असा परत येतो. त्यात फार काही घडलं असं कुणाला वाटणार नाही. जे घडलं ते एका बाकाच्या डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत. पण मी आज जी आहे, म्हणजे व्यंगचित्रं काढणारी, स्वतःचं कॉमिक चालवणारी मुलगी, ती त्या तळहाताएवढ्या जागेत झाले. पूर्वी असं वाक्य उच्चारायला मी चारदा अडखळले असते. आता सांगते.

आमच्या घरात कॉलेजचं दार ढकलणारी मी पहिली. बाबा दहावी, आई सातवी. दोघंही यवतमाळकडचे. बाबा इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले आणि आम्ही खडकीचे झालो. आत ते काय करतात ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, सांगायचं नसतं. पण त्यांची एक सवय सगळ्या घराला लागली आहे. कारखान्यात काडेपेटी, लायटर, असलं काहीही नेता येत नाही, फाटकावर झडती होते. म्हणून निघण्याआधी बाबा घरातच दोन्ही खिसे उलटे करून बघतात. लहानपणी मला वाटायचं, बाबांच्या पँटला दोन पांढरे कान आहेत आणि ते सकाळी बाहेर येतात.

परीक्षेच्या दिवशी हीच झडती माझ्या कंपासपेटीची व्हायची. बाबा ती चादरीवर उलटी करायचे. पेनं, पट्टी, खोडरबर, टोकयंत्र. एकेक वस्तू उचलून परत ठेवायचे.

"पेन्सिल कायले? पेपर तं पेनानं लिहितात."

"अर्थशास्त्र आहे बाबा. मागणीचा वक्र काढायचा असतो."

"वक्र," ते म्हणायचे, आणि पेन्सिल अशी ठेवायचे की जणू ती पेटेल. "पाय, आपण ठेवलं नसलं तरी आपल्या खिशात सापडलं तं ते आपलंच. तिथं कोणी ऐकून घेत नाही."

ते कारखान्याचं बोलत होते. मला मात्र परीक्षेचंच ऐकू यायचं. एक कॉपी केस, आणि या घराचं कॉलेज तिथंच संपणार होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

त्या वर्षी आमच्या कॉलेजचे नंबर स्वारगेटजवळच्या एका दुसऱ्या कॉलेजात पडले होते. खडकीहून बसनं दुपारचं जायचं म्हणजे पत्र्याच्या डब्यात शिजत जायचं. बसमध्ये निम्मी पोरं झेरॉक्स वाचत असायची आणि निम्मी झेरॉक्सनं वारा घेत असायची. रस्त्यावर उसाच्या गुऱ्हाळांची घुंगरं वाजायची. जयंती तोंडावर आलेली. आमच्या वस्तीत निळे झेंडे लागलेले, संध्याकाळी स्पीकरची चाचणी. आई विहाराची साफसफाई करून यायची, हाताला चुन्याचे ठिपके घेऊन. मी कानात बोळे घालून बसलेली बघून बाबा म्हणायचे, "त्याहीचा आवाज होऊ दे. माणसानं शिकावं म्हणून तं जयंती, अन् तू शिकूनच राहिली. झालं नं?"

पहिल्या पेपरच्या दिवशी वर्गावर ज्या सुपरवायझर मॅडम आल्या त्या मला अजून जशाच्या तशा काढता येतात. कडक सुती साडी, साखळीला लटकवलेला चष्मा, टेबलावर स्टीलची बाटली. त्यांनी फळ्यावर वेळ लिहिली, हात झटकले आणि म्हणाल्या, "बाकावर, भिंतीवर, खिडकीच्या गजांवर जे काही लिहिलेलं असेल ते आपापलं बघून आत्ताच पुसा. नंतर सापडलं तर ते ज्याच्या समोर, त्याचं. 'मॅडम, हे आधीपासून होतं' असं आपण मला सांगू नये. मीही इथं आधीपासूनच आहे."

माझा बाक खिडकीशी होता. वर फिकट पिवळा सनमायका, आणि कडेला दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या: निळ्या स्केचपेननं सकाळच्या सत्राचा नंबर, लाल स्केचपेननं दुपारचा. लाल मी. निळं कोण, त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. बाक स्वच्छ होता. तो घाण केला तो मीच.

उत्तरपत्रिका आधी देतात, प्रश्नपत्रिका नंतर. मधली ती मिनिटं काहींना देव आठवायला लागतात, काहींना लघवीला. माझा हात मात्र रिकामा राहू शकत नाही. नंबर लिहून झाले, समास आखून झाला, आणि पेन्सिल आपोआप बाकाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. मी त्याला काढलं. एका परदेशी मालिकेतला काटेरी केसांचा नायक, तेव्हा आमच्या वयाच्या सगळ्यांच्या मोबाइलवर असायचा. मी तो झोपेतही काढू शकत होते. वर्गातल्या मुलींच्या वाढदिवसाला काढला होता, क्वार्टर्समधल्या पोरांच्या वह्यांच्या कव्हरवर काढला होता, आणि माझ्या एका छोट्या ऑनलाइन पानावर तर त्याची रांगच होती. प्रश्नपत्रिका आली तशी मी त्याच्यावर हॉलतिकीट ठेवलं आणि विसरून गेले.

फॅन आर्ट काढणाऱ्यांच्या जगात एक रीत आहे. दुसऱ्यानं निर्माण केलेलं पात्र काढलं तर खाली तसं कबूल करायचं. मी सुरुवातीला ते केलं नव्हतं, तेव्हा एका अनोळखी मुलीनं मला पानावरच झापलं होतं: पात्र तुझं आहे का? नाही ना? मग लिही. तेव्हापासून मी प्रत्येक चित्राखाली लिहीत आले, "हा माझा नाही. मी फक्त काढलाय." आमच्यात सगळ्यात मोठा गुन्हा कोणता विचाराल तर वाईट काढणं नव्हे, दुसऱ्याचं पात्र आपलं म्हणून सांगणं.

आणि खरं सांगायचं तर ते वाक्य मला फार सोयीचं होतं. कॉलेजात मी जे बोलायचे तेही एका परीनं फॅन आर्टच होतं. घरात "काय करून राहिली" म्हणणारी मी, वर्गात शिरताच "काय करते आहेस" म्हणायला लागायचे. शब्द कुणाचे तरी, हसणं कुणाचं तरी, नोट्समधली वाक्यं तर नक्कीच कुणाची तरी. हे माझं नाही, मी फक्त काढलंय. असं म्हटलं की चूक झाली तरी आपली नसते.

दुसऱ्या पेपरला बाकावर बसले आणि हॉलतिकीट ठेवायला गेले, तर नायक बदललेला. त्याच्या खांद्याखाली बारीक, एकसारख्या तिरक्या रेघांची सावली आली होती. आणि कोपर. मी कोपर नेहमी चुकवायचे, हात रबरी नळीसारखा वळायचा. ते कुणीतरी हलकेच खोडून पुन्हा काढलं होतं. आधी मला राग आला. मग मी ते कोपर पाहतच राहिले. इतकं बरोबर कोपर मी आयुष्यात काढलं नव्हतं.

निळा नंबर. सकाळचा हात.

मी नायकाच्या तोंडाला स्कार्फ बांधला. पुण्यात दुचाकीवरच्या मुली बांधतात तसा, फक्त डोळे दिसतील असा. त्याच्या पुढच्या पेपरला उत्तर आलेलं: काटेरी केस स्कार्फ फाडून बाहेर आले होते, आणि हेल्मेट होतं, पण डोक्यावर नव्हे, त्या दुरुस्त कोपरात अडकवलेलं. मी इतक्या जोरात हसले की मॅडमनी चष्मा लावला.

"काय झालं?"

"काही नाही मॅडम."

"अर्थशास्त्रात हसण्यासारखं काही सापडलं असेल तर आम्हालाही सांगा. इतकी वर्षं शोधतेय."

पुढच्या बाकावर माझी वर्गमैत्रीण तन्वी बसायची. सदाशिव पेठेतली, बोलण्यात पटकन आणि मनानं चांगली. पेपर सुटल्यावर तिनं माझा बाक पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं, तू पेपर लिहितेस का बाक? पुसून टाक ना यार. स्क्वॉड आलं ना, तर ते काय 'वा, शेडिंग छान आहे' म्हणणार नाहीत. सरळ कॉपी केस."

"एकही अक्षर नाहीये त्यात."

"त्यांना सांग हां हे."

पण ती अक्षराची गोष्ट आम्ही दोघांनी, मी आणि सकाळच्या हातानं, न बोलता पाळली होती. नाव नाही, फोन नंबर नाही, साधं "मस्त" सुद्धा नाही. अक्षर उमटलं की ती कॉपी. चित्र उमटलं तर निदान म्हणायला जागा होती. त्यामुळे आमचं सगळं बोलणं मुकं होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते इतकं खरं होतं. त्या हाताला माझं आडनाव माहीत नव्हतं, माझे शब्द कुठले तेही माहीत नव्हतं. त्याला फक्त माझी रेघ ठाऊक होती.

मग मी शकूला काढलं.

शकू तोवर कुणी पाहिली नव्हती. म्हणजे आईनं पाहिली होती, पण वेगळ्या तऱ्हेनं. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर तिला काढायचे आणि आई तीच वर्तमानपत्रं स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरायची. एकदा तुरीच्या डाळीचा डबा उचलून म्हणाली, "ही कोण वं? डब्याखालून लय पाहून राहिली माह्याकडं."

शकू बुटकी आहे. जाड भुवया, बसकं नाक, पायात स्लीपर. अंगात बापाचा जुना रेनकोट, इतका मोठा की मागे झुलीसारखा लोळतो. तिला उडता येत नाही, अदृश्य होता येत नाही. ती फक्त प्रश्न विचारते. मला वर्गात हात वर करायला जमत नाही, तो हात ती वर करते. माझ्या डोक्यात तिचे किती प्रश्न होते! पण त्या बाकावर अक्षर काढायचं नव्हतं. म्हणून मी शकूला काढलं, तिच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा काढला आणि तो रिकामा ठेवला. जिचं सगळं अस्तित्व विचारण्यात, ती तोंड उघडून गप्प उभी राहिली.

नायकाच्या शेजारी ती फारच वेगळी दिसत होती. त्याच्यासमोर ही कामाला आलेली पोरगी वाटत होती. पुसणार होते. खोडरबर हातात घेतलाही होता. तेवढ्यात प्रश्नपत्रिका आली.

मधला दिवस कसा गेला ते विचारू नका. पुढ्यात चलनवाढीचे प्रकार उघडे आणि माझ्या डोक्यात एकच: सकाळचा हात तिचं काय करील? त्यानं माझ्या नायकाचं कोपर दुरुस्त केलं होतं. आता शकूचं नाक सरळ करील. घोटे बारीक करील. डोळे मोठे, चमकदार करील, मालिकेतल्या मुलींसारखे. आणि ते अधिक बरोबर दिसेल, हेही मला माहीत होतं. आईनं ताटात कैरीचं लोणचं वाढलं आणि विचारलं, "पेपरची भीती वाटते का?" मी मानेनंच नाही म्हटलं. भीती पेपरची नव्हती. कुणीतरी माझ्या माणसाला पहिल्यांदाच बघणार होतं.

पुढच्या पेपरला मी वर्गात सगळ्यात आधी पोचले.

शकू तशीच होती. तिच्या एकाही रेघेला हात लागला नव्हता. नाक तेच, घोटे तेच. तिच्या शेजारी तिलाच पुन्हा काढलं होतं, पाठमोरी. मी शकूला कधी पाठीमागून पाहिलंच नव्हतं! मी तिला फक्त समोरून, जरा डावीकडून काढायचे. पाठीमागे तिचं काय आहे याचा विचारच केला नव्हता. त्या हातानं केला होता. रेनकोटला पाठीवर एक ठिगळ दिलं होतं. केसांचा लहानसा बुचडा बांधला होता आणि त्यात एक पेन खोचलं होतं. बरोबरच होतं. विचारणाऱ्या मुलीच्या जवळ पेन असणारच. ते मला का सुचलं नव्हतं?

आणि पाठमोऱ्या शकूच्या बाजूला कुणीतरी बसलं होतं. लांबुडका, जरासा पोक काढलेला, एका पायाची चप्पल निसटलेली. हा कुठल्याही मालिकेतला नव्हता. मी सगळ्या मालिका पाहिल्या होत्या. तो सकाळच्या हाताचा स्वतःचा होता. त्याच्याही तोंडाशी फुगा होता. रिकामा.

म्हणजे त्या हाताजवळही असं कुणीतरी लपलेलं होतं, कुठल्या तरी डब्याखाली. मी शकूला बाहेर आणलं म्हणून त्यानं ह्याला आणलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काही नव्हतं, सायकल स्टँड आणि ऊन. पण तसं ऊन मी पुन्हा पाहिलं नाही.

शेवटच्या पेपरला आम्ही नुकते बसलो होतो, उत्तरपत्रिका वाटून झाल्या होत्या, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि दारातून शिपाईमामांनी हलक्या आवाजात सांगितलं, "मॅडम, स्क्वॉड. खालच्या मजल्यावर." सगळ्या वर्गानं एकदम श्वास घेतला. मॅडम रांगांमधून भराभर फिरू लागल्या. माझ्यापाशी थांबल्या. माझं हॉलतिकीट पंख्याच्या वाऱ्यानं सरकलं होतं.

"हे काय आहे?"

मी उठून उभी राहिले.

"परीक्षेला आलात की प्रदर्शनाला? कुणी काढलं हे?"

त्या क्षणी मला कडेच्या दोन चिठ्ठ्या दिसत होत्या. लाल आणि निळी. "मॅडम, हे सकाळच्या कुणीतरी" एवढं म्हणायची खोटी, निळा नंबर तिथं चिकटवलेलाच होता. आणि ते खोटंही नव्हतं, निम्मं खरंच होतं. निम्म्यात मी सुटत होते. बाबांचे उलटे खिसे डोळ्यांसमोर आले. आपल्या खिशात सापडलं तर आपलंच.

"ही माझी आहे," मी शकूवर बोट ठेवलं. एखाद्या चित्राबद्दल मी हे पहिल्यांदाच म्हणत होते. "मीच निर्माण केलीये."

"निर्माण," मॅडम म्हणाल्या. "आणि हा?" त्यांचं बोट लांबुडक्यावर होतं.

इथं पेच होता. तन्वीला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय, म्हणायचं माझाच म्हणून!" तिला ते कळणं शक्य नव्हतं. तो माझा आहे म्हटलं असतं तर मॅडमचं समाधान झालं असतं, पण मी चोर झाले असते. आणि माझा नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न निळ्या चिठ्ठीकडे जात होता. मग तोंडातून ते वाक्य आलं, शेकडो चित्रांखाली लिहिलेलं.

"हा माझा नाही मॅडम. मी फक्त काढलाय."

अर्धं खरं आणि अर्धं खोटं. नेहमी जे अर्धं खरं असायचं ते या वेळी खोटं होतं. मी त्याला काढलं नव्हतं. पण त्याचा मालक तसाच शाबूत राहिला, आणि सुरक्षितही.

मॅडमनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "काढलंय तर पुसाही," म्हणाल्या. "सगळं. लवकर."

मी पुसलं. आधी नायक, त्याचं ते सुंदर कोपर, हेल्मेट. मग माझी शकू. मग पाठमोरी शकू, बुचडा, पेन. लांबुडक्यापाशी हात थांबला. दुसऱ्याचं चित्र पुसायचा मला काय अधिकार? मॅडमनी टेबलावर बोटांनी टकटक केलं. मी पुसलं. खोडरबराच्या काळ्या अळ्या बाकभर झाल्या आणि तो वास बोटांत शिरला, तो तिथंच राहिला.

स्क्वॉडचे गृहस्थ माझ्यापाशी आले तेव्हा मी त्या अळ्या ओंजळीत गोळा करत होते. "काय पुसलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मॅडम तिथूनच म्हणाल्या, "बाक घाण होता. मी पुसायला सांगितला. सगळेच बाक घाण आहेत, आपल्याकडे पुसायला माणसं असतील तर पाठवा." गृहस्थ पुढच्या रांगेत गेले.

पेपर बरा गेला. उत्तरपत्रिका गोळा करताना मॅडम माझ्या बाकाशी क्षणभर रेंगाळल्या. "एक विचारू? त्या पोरीला तोंड दिलंत, फुगा दिलात. बोलणं कुठंय तिचं?"

"अक्षर लिहिलं असतं तर कॉपी झाली असती मॅडम."

त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला. हसल्या की नाही ते मला ठरवता आलं नाही. "मग आता परीक्षा संपली," त्या म्हणाल्या. "घरी जा आणि लिहा."

मी घरी गेले आणि लिहिलं. शकूचं पहिलं कॉमिक, तीन चौकटींचं, त्याच रात्री जमिनीवर बसून काढलं. जयंतीचा स्पीकर चालू होता. बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, याच्यात काय ठेवलंय.

"हा तं माहा रेनकोट व्हय," ते म्हणाले.

"हो."

"मले विचारलं होतं का?"

"नाही."

"मंग लिव नं खाली. तुमच्यात लिवतात नं तसं." आणि आईकडे वळून, "पाय वं, पोरीनं माहा रेनकोट पळवला."

आई कणीक मळता मळता उठून आली. शकूकडे नीट पाहून म्हणाली, "ही तं डाळीच्या डब्याखालची. आता बोलते का?"

"आता बोलते."

आता ती चांगलीच बोलते. माझ्या ऑनलाइन पानावर दर आठवड्याला येते. महानगरपालिकेच्या नळाला, बसच्या खांबाला, प्राध्यापकांना, आणि मलाही प्रश्न विचारते. लोक तिची फॅन आर्ट काढून पाठवतात. कुणी तिला उंच करतं, कुणी गोरी. माझा हात आधी दुरुस्त करायला शिवशिवतो, मग मला नायकाचं रबरी कोपर आठवतं आणि मी गप्प बसते. सगळ्यांच्या चित्रांत एक गोष्ट मात्र हमखास असते: बुचड्यात खोचलेलं पेन. ते पेन माझं नाही, हे मी दर वेळी खाली लिहिते, पण ते कुणी वाचत नाही. वर्गात मी आता "काय करून राहिली" असंही बोलते. कुणी हसलं तर हसू देते. ते माझं आहे.

एका गोष्टीनं मात्र दर एप्रिलला टोचतं. आमचा तो पेपर शेवटचा होता. सकाळच्या सत्राचा अजून एक होता, हे मला नोटीस बोर्डवरून कळलं. म्हणजे तो हात दुसऱ्या दिवशी आला असेल, बसला असेल, आणि त्याला कोरा पिवळा सनमायका दिसला असेल. त्याला काय वाटलं असेल? की मी घाबरले. की मला त्याचा लांबुडका आवडला नाही. आपलं लपवलेलं माणूस पहिल्यांदा बाहेर काढावं आणि दुसऱ्यानं ते पुसून टाकावं, याहून वाईट उत्तर कुठलं? मी नंतर एकदा मुद्दाम त्या कॉलेजात गेले होते. रंगकाम चालू होतं, बाक मैदानात एकावर एक रचलेले. कुठला माझा ते कळलं नाही.

म्हणून मी लांबुडक्याला जाऊ दिलं नाही. माझ्या कॉमिकमध्ये तो अधूनमधून येतो, शकूच्या शेजारी बसतो, एक चप्पल निसटलेली. शकू बोलत राहते, तो ऐकतो. वाचक विचारतात, हा बोलत का नाही, ह्याचं नाव काय, ह्याच्यावर वेगळी मालिका काढ ना. मला त्याचे संवाद सुचत नाहीत असं नाही. पुष्कळ सुचतात, चांगलेही सुचतात. पण तो माझा नाही. आणि त्या दिवशी मी जे म्हटलं होतं, त्याचा दुसरा अर्धा भाग मी आता खरा केला आहे: आता मी त्याला खरोखरच काढते.

उद्या माझा पहिला पेपर. बाबांनी मघाशी कंपासपेटी चादरीवर उलटी केली; मी चोवीस वर्षांची आहे, तरीही. पेन्सिल उचलून त्यांनी तिचं टोक तपासलं आणि या वेळी "कायले?" न विचारता परत ठेवली. खिडकीतून कडुनिंबाचा वास येतोय. आणि समोर या आठवड्याची शकू पूर्ण होऊन पडली आहे. शेवटच्या चौकटीत ती आणि लांबुडका पाठमोरे, एका बाकावर. तिचा फुगा भरलेला. त्याचा रिकामा. सगळ्यात खाली, नेहमीच्या जागी, मी नेहमीच्या ओळी लिहिल्या आहेत:

शकू माझी. रेनकोट बाबांचा. केसांतलं पेन आणि हा उंच मुलगा सकाळच्या हाताचे. हा माझा नाही, मी फक्त काढलाय. त्याचा फुगा ज्याचा त्यानं येऊन भरावा.